पावसाळ्याची शाई

माझ्या आजोबांच्या एकवीस डायऱ्या माझ्याकडे आहेत, 1949 ते 1969 या सालांच्या. आबा पुण्यात शाळामास्तर होते, गणित शिकवत. नारायण पेठेतल्या एका वाड्यात तळमजल्यावर दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते. डायऱ्यांत भावनांचा पसारा नाही. हवा कशी होती, दुधाचे किती दिले, कोणाचे पत्र आले, कोण भेटले, एवढेच. इतिहासाच्या अभ्यासकाला हेवा वाटावा अशी ही नोंद आहे, आणि नातवाला कंटाळा यावा अशीही. मी बरीच वर्षे दुसऱ्या गटात होतो.

या सगळ्यात 1961 ची डायरी निराळी आहे. तिची जानेवारीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची पाने कोरी आहेत, आणि तिथून 11 जुलैपर्यंतची पाने अक्षरांनी भरलेली आहेत. 12 जुलैला पानशेत फुटले. बांधकाम चालू असलेले ते धरण सकाळी गेले, त्याच्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे धरण गेले, आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले. आमचे बिऱ्हाड तळमजल्यावर, म्हणजे काय झाले असेल ते पुणेकरांना सांगायला नको. डायऱ्यांची लोखंडी ट्रंक पाण्याखाली गेली आणि चालू सालची डायरीही, जी खिडकीच्या फळीवर असायची, तीही भिजली.

घरात समज असा होता की आबांनी त्या वर्षी सुरुवातीला काही लिहिलेच नसावे. आजी त्या हिवाळ्यात आजारी होती, त्यामुळे हे पटण्यासारखेही होते. पण कोरे पान आणि धुऊन कोरे झालेले पान यांत फरक असतो. याच डायरीत दोन्ही प्रकार आहेत. 12 ते 30 जुलै ही पाने मुळातच कोरी आहेत. ती पिवळसर आहेत, एवढेच. जानेवारीपासूनची पाने मात्र उजेडाकडे धरली की अगदी फिकट निळसर दिसतात आणि कडेला पाणी चढून सुकल्याच्या लाटा आहेत. तिथे लिहिलेले होते आणि ते धुऊन गेले. मग पुढचे का टिकले? पाणी तर एकच होते.

उत्तर आबांनीच लिहून ठेवले होते, बाकीच्या वीस डायऱ्यांत. दर वर्षी 7 किंवा 8 जूनच्या पानावर एक ठरलेली ओळ आहे: 'मृग लागला. पेन बदलले. काळी-निळी भरली.' आणि दर वर्षी खंडेनवमीच्या पानावर दुसरी: 'पेन धुऊन पूजेला ठेवले. दुसऱ्यात निळी भरली.' म्हणजे आबांची दोन पेने होती आणि दोन शाया होत्या. एक जोडी पावसाळ्याची, एक उरलेल्या वर्षाची. मी हे वाचून आधी हसलो. गणिताच्या मास्तरांचा विक्षिप्तपणा, असे वाटले. मग हे एवढे नियमाने का, याचा शोध घ्यायला बसलो आणि त्यात दोन वर्षे गेली.

शाई आणि पाऊस यांचे भांडण फाउंटन पेनापेक्षा खूप जुने आहे. आपल्याकडची जुनी शाई म्हणजे दिव्याचे काजळ आणि बाभळीचा डिंक, पाण्यात तासन्‌तास खललेला. काजळ म्हणजे निव्वळ कार्बन. उन्हाने तो विटत नाही, शतके गेली तरी काळाच राहतो. पण तो कागदात मुरत नाही, डिंकाच्या आधाराने वर बसून राहतो. आणि डिंक हवेतला ओलावा ओढतो. दमट हवेत जुन्या पोथ्यांची पाने एकमेकांना चिकटतात ती त्यामुळे. आमच्या त्याच ट्रंकेत पणजोबांचे जमिनीचे मोडी कागद होते, बोरूने लिहिलेले. पुरानंतर त्यांची एक वीट झाली. ती वीट अजून आहे. कडेने अक्षरे दिसतात, काळीभोर, पण पान सुटत नाही.

लिहिणाऱ्यांना या गोष्टींची जाण किती होती हे पाहायचे असेल तर दासबोधाच्या 19व्या दशकातला पहिला समास उघडावा. लेखनक्रियेवरचा हा समास शाळेत सुवाच्य अक्षराच्या उपदेशापुरता वापरला जातो, पण तो खरे तर एका अनुभवी लेखनिकाचा कारखानदारी सल्ला आहे. देशोदेशीचे बारीक, सरळ बोरू आणावेत असे समर्थ सांगतात. पानाच्या भोवताली जागा सोडून मध्येच लिहावे असे सांगतात, आणि त्याचे कारण देतात: कागदाची कड झडली तरी अक्षर झडू नये. कागद झडणारच हे गृहीत धरून लिहिणारा माणूस मला फार आवडतो. समासाची मोजमापे मी माझ्या विटेवर लावून पाहिली. पणजोबांनी समास सोडलेला नव्हता.

आबांच्या काळ्या-निळ्या शाईचे कुळ मात्र वेगळे. तिला लोहशाई म्हणता येईल. मायफळ किंवा हिरडा यांतला तुरट रस आणि हिराकस एकत्र आले की काळा रंग तयार होतो, हे रंगाऱ्यांना आणि औषधवाल्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. युरोपात मध्ययुगापासून दस्तऐवज या शाईने लिहिले गेले. तिची गंमत अशी की ती लिहिताना जवळजवळ बिनरंगी असते. कागदावर उतरल्यावर हवा लागते, लोहाचे संयुग बदलते, आणि काही तासांत, पुढे काही दिवसांत, अक्षर काळे होत जाते. तोवर ते कागदाच्या तंतूंत मुरलेले असते आणि पाण्यात विरघळण्याजोगे राहिलेले नसते. पण लिहिणाऱ्याला आपण काय लिहितो आहोत हे दिसायला तर हवे! म्हणून तिच्यात निळा रंग घालू लागले. तो निळा हळूहळू मागे पडतो, काळा पुढे येतो; काळी-निळी हे नाव त्यातून आले. लंडनच्या डॉक्टर हेन्री स्टीफन्सने 1832 साली या प्रकारच्या शाईचा धंदा सुरू केला. हा स्टीफन्स वैद्यकीचा विद्यार्थी असताना कवी कीट्‌सबरोबर एका बिऱ्हाडात राहत होता. एकाने कविता लिहिली, दुसऱ्याने ती टिकण्याची सोय केली, असे म्हणायचा मोह होतो. पण कीट्‌स 1821 मध्येच गेला होता.

निळी शाई त्याहून नवी. 1856 मध्ये विल्यम पर्किनला कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग सापडला आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. हे रंग झळझळीत होते, स्वस्त होते, पाण्यात पूर्ण विरघळत आणि गाळ मागे ठेवत नसत. 1884 मध्ये वॉटरमनने आपल्या फाउंटन पेनाचे पेटंट घेतले, आणि त्या पेनाच्या केसासारख्या नळीला गाळ न धरणारी शाई हवीच होती. काजळाची शाई त्यात घातली तर पेन कायमचे तुंबते. 1931 मध्ये पार्करने 'क्विंक' आणली ती दोन प्रकारांत, न जाणारी आणि धुऊन जाणारी. धुऊन जाणे हा तेव्हा दोष नव्हता, जाहिरात करण्याजोगा गुण होता. मुलांचे सदरे, टेबलावरचे कापड, बोटे यांवरचे डाग निघत.

त्याच वर्षी मुंबईत दांडेकर बंधूंनी घोडा छाप शाईच्या पुड्या आणि गोळ्या करायला सुरुवात केली, आणि पुढे त्यांचीच उंट छाप शाई घरोघरी गेली. राजशाहीत मैत्र बंधूंनी 1934 मध्ये 'सुलेखा' काढली. राजमुंद्रीचे रत्नम यांनी संपूर्ण स्वदेशी पेन करून गांधीजींना पाठवले आणि 1935 मध्ये त्यांनी वर्ध्याहून ते आवडल्याचे कळवले. शाई आणि पेन हे स्वदेशीचे प्रश्न होते हे आपण विसरून गेलो आहोत. 'स्वराज्य हवे' असे परदेशी शाईने लिहायचे कसे, ही अडचण त्या पिढीला खरोखर छळत असे.

आता आबांच्या जोड्यांकडे येतो. त्यांची दोन्ही पेने मला मिळाली. एक सोन्याच्या निबेचे विलायती, बारीक टोकाचे. ते त्यांना सासऱ्यांनी दिले होते. दुसरे एबोनाइटचे काळे, देशी, पोलादी निबेचे, जाड टोकाचे. त्यात शाई ड्रॉपरने थेट पोटात भरायची. पहिले पावसाळ्याचे, दुसरे एरवीचे. मी सुरुवातीला समजलो की भारीतले पेन पावसापासून जपायला हवे होते, आबांनी उलट केले. पण विचार करता प्रत्येक जोडीमागे हिशेब निघाला.

लोहशाई आम्लधर्मी असते. पोलादी निब तिने खाल्ली जाते, सोन्याची नाही. म्हणून काळी-निळी सोन्याच्या निबेतच. पावसाळ्यात कागद ओलावा धरतो आणि त्यावर शाई फुटते, अक्षराला पाय फुटतात. म्हणून निब बारीक. शिवाय लोहशाई निबेवर सुकली की तिचा थर बसतो. चैत्र-वैशाखात टोपण दोन मिनिटे उघडे राहिले तरी पेन अडते, पावसाळ्याच्या दमट हवेत अडत नाही. म्हणजे जी शाई पावसाला पुरून उरते ती उन्हाळ्याला टिकत नाही.

उन्हाळ्याचे गणित उलटे. ड्रॉपरने भरायच्या पेनात शाई कमी झाली की वर हवा साचते. हाताच्या आणि हवेच्या उष्णतेने ती फुगते आणि शाईला निबेतून बाहेर ढकलते. ज्यांनी अशी पेने खिशाला लावली आहेत त्यांना एप्रिलमध्ये, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यातही, सदऱ्याच्या खिशावर उमटणारे निळे फूल ठाऊक आहे. आबा पांढरा सदरा घालत. जे पेन ओकणारच आहे त्यात धुऊन निघणारी शाई घालायची, हे शहाणपण आहे. आजीचे श्रम त्यात वाचत होते. डायरीत तसे लिहिलेले नाही, पण 'खिसा धुतला, डाग गेला' अशी नोंद मला 1954 आणि 1957 अशी दोनदा सापडली.

हे सगळे आबांना कोणी शिकवले? बहुधा कोणी नाही. त्या पिढीत रोज लिहिणाऱ्या प्रत्येकाला यातले काही ना काही कळत होते, जसे लोणचे कोणत्या बरणीत घालावे हे कळत होते.

मध्यंतरी माझ्या भाचीने जपानहून शाईच्या तीन बाटल्या आणल्या. 'पायलट' कंपनीने 2007 मध्ये 'इरोशिझुकु' नावाची मालिका सुरू केली. नावाचा अर्थ रंग आणि थेंब. बाटल्यांची नावे निसर्गातून घेतलेली: वसंतात उगवणारे त्सुकुशी, हिवाळ्यातले फुयु-गाकी म्हणजे तेंदूसारखे केशरी फळ, आणि पावसाळ्यात फुलणारे अजिसाइ. 'सेलर' कंपनीचीही चार ऋतूंच्या नावाची मालिका आहे. आता हौशी मंडळी ऋतूप्रमाणे शाई आणि शाईप्रमाणे पेन बदलतात. मी त्याची थट्टा करणार होतो, पण त्सुकुशीने भाद्रपदातल्या पाच-सहा पत्रांचे पत्ते लिहिले आणि थट्टा विसरलो. तांबूस तपकिरी रंग इतका देखणा आहे. त्यातले एक पत्र मात्र पावसात भिजून परत आले. पत्त्याच्या जागी सुंदर तपकिरी ढग होता. अजिसाइ हे पावसाचे फूल, पण त्या नावाची शाईही मी नळाखाली धरून पाहिली तर जवळजवळ सगळी गेली. या बाटल्यांवरचा ऋतू रंगात आहे. आबांचा ऋतू शाईच्या स्वभावात होता.

त्यांच्या काळ्या-निळ्याचेही कौतुक मी एकतर्फी करणार नाही. 1949-50 च्या डायऱ्यांत पावसाळ्यातली पाने आता तपकिरी पडली आहेत आणि जिथे अक्षर ठसठशीत आहे तिथे कागदाला चिरा गेल्या आहेत. शाईतले आम्ल कागद खाते. अक्षर पुरातून वाचते आणि मग ज्यावर बसले आहे तेच हळूहळू पोखरते. निळ्या शाईच्या पानांना असे काही झालेले नाही. 1949 चा जानेवारी आजही मऊ, पांढरा आणि वाचता येण्याजोगा आहे, कारण ट्रंकेत तो अगदी मध्ये, घट्ट दाबून बसलेला होता आणि पाणी कडांपर्यंतच पोचले.

1961 ची डायरी वर होती.

इथे मला घरातली एक गोष्ट सांगावी लागते. आबांचा धाकटा भाऊ, आमचे नाना आजोबा, साताऱ्याकडे असत. पणजोबांच्या जमिनीवरून दोघांत बिनसले आणि एप्रिल 1961 च्या अखेरीस नाना आजोबा पुण्यात येऊन मोठे भांडून गेले. त्यानंतर दोघे भाऊ मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. 'आबांनी भावाला टाकले' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. वडील आबांबद्दल फारसे बोलत नसत, त्याचे हेही एक कारण होते. ज्या दिवसांत हे घडले ती पाने निळ्या शाईची. एक अक्षर नाही.

मी ती पाने एकेक करून पाहिली. निबेच्या दाबाच्या खुणा शोधल्या. जाड निब इतकी हलकी चालते की खुणा राहत नाहीत. तिरका उजेड टाकला, काही नाही. मे महिन्याच्या पानांत मात्र 23 तारखेला एक जांभळा डाग आहे. तो मी पूर्वीही पाहिला होता आणि जांभळाचा डाग समजून सोडून दिला होता. या वेळी भिंग लावले तर त्यात रेघा होत्या. आरसा धरला तेव्हा त्या उलट्या रेघा सुलट झाल्या: नाना आजोबांची सही, आणि तिच्याखाली तारखेचा आकडा, 20-5.

हे कसे झाले याचा उलगडा जांभळ्या पेन्सिलीत आहे. पोस्टात आणि कचेऱ्यांत एके काळी कॉपिंग पेन्सिल असायची. कोरडी असताना करडी, ओली झाली की जर्द जांभळी. तिच्या शिशात ॲनिलीन रंग मिसळलेला असतो, पर्किनच्याच कुळातला. ती केलीच होती नकला काढण्यासाठी: लिहिलेल्या कागदावर ओलसर कागद दाबला की अक्षर उलटे उमटायचे. मनीऑर्डर मिळाल्याची पोचपावती घेणाऱ्याने सही केली की पाठवणाऱ्याकडे परत येत असे. आबा अशा पावत्या त्या त्या पानात ठेवत. दुसऱ्या डायऱ्यांत त्या अजून आहेत. 1961 च्या पानातली पावती पुराच्या पाण्यात भिजली, फुगलेल्या डायरीत दाबली गेली आणि आपली नक्कल सोडून लगद्यात गेली. ज्या पाण्याने आबांचे अक्षर पुसले त्यानेच नानांचे उमटवले.

म्हणजे भांडणानंतर तीन आठवड्यांनी भावाने भावाला पैसे पाठवले होते आणि त्याने ते घेतले होते. मी मग पुढची पाने नव्याने वाचली. 9 जून, काळी-निळी: 'म. ऑ. रु. 40.' कोणाला, ते नाही. पूर्वी मी ही ओळ विम्याची असेल म्हणून ओलांडली होती. 10 जुलै: 'म. ऑ. रु. 40.' 11 जुलैची नोंद सर्वांत फिकी आहे, कारण त्या शाईला काळे व्हायला एकच रात्र मिळाली. 'पाऊस सतत' एवढे वाचता येते. 31 जुलैला आबांनी त्याच डायरीत, लाटा आलेल्या कागदावर, पुन्हा सुरुवात केली. गेलेल्या वस्तूंची यादी आहे: तांदूळ, ज्वारी, गाद्या, पुस्तके, जमिनीचे कागद. आणि ऑगस्टच्या 11 तारखेला, पगार उशिरा झाला असणार, 'म. ऑ. रु. 25.' पुरात बुडालेल्या घरातून पंचवीस. मग पुन्हा चाळीस, दर महिन्याला, 1969 पर्यंत.

यातून दोघे बोलत होते असे सिद्ध होत नाही. मनीऑर्डरच्या फॉर्मवर तेव्हा चार ओळी लिहिण्याची जागा असे; तो भाग नानांकडे राहिला असणार आणि तो माझ्याकडे नाही. आबांनी तिथे काही लिहिले की जागा मोकळी सोडली, हे कागदांवरून ठरवता येणार नाही. वडिलांना मी आरशातली सही दाखवली. ते आता सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी आरसा माझ्या हातातून घेतला, बराच वेळ धरला, आणि म्हणाले, "चाळीस? तेव्हा आबांना एकशे ऐंशी मिळायचे रे."

नाना आजोबांची मुलगी, माझी आत्या, साताऱ्यालाच असते. तिला फोन केला. मनीऑर्डरचे तिला आठवत होते, पण ती पुण्याहून येते हे तिला घरात कोणी सांगितले नव्हते. मामाकडून येते असा तिचा समज होता. मी सहीबद्दल विचारले. ती हसली. म्हणाली, पोस्टमनच्या कानावर पेन्सिल असायची. नाना ती घ्यायचे आणि सही उठावी म्हणून टोक जिभेला लावायचे. "मग दिवसभर जीभ जांभळी. आम्ही मुलं म्हणायचो, नाना, जीभ दाखवा. एरवी दाखवायचे. त्या दिवशी मात्र आमच्यावर ओरडायचे."